पैठणीसाठी सागवानी पेटी करायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मार्गशीर्षात धाकट्या बहिणीचं लग्न आहे, तिला पैठणी ठेवायला हातानं केलेली पेटी द्यायची आहे. गावाकडं घराचं माळवद (लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छप्पर) उतरवलं, त्यातलं जुनं सागवान मिळालंय. लाकूड मुरलेलं आहे, फक्त खिळे शोधून काढावे लागतात, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच म्हणून समजा. माप सोळा बाय चौदा इंच, उंची पाच.

आता खरी अडचण झाकणाची. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये लाकूड आकसतं, पावसाळ्यात आडव्या अंगानं फुगतं. एकसंध फळीचं झाकण केलं तर वाकेल अशी भीती वाटते. चौकट करून मधली फळी फेविकॉल न लावता नुसती खाचेत बसवायची, असं डोक्यात आहे. खाचेत किती जागा मोकळी सोडता तुम्ही?

दुसरं, आतल्या बाजूचं. जवसाचं तेल बंद पेटीत लावलं तर वास महिनोन् महिने जात नाही, म्हणून ते बाहेरच लावणार. आतून चपडा लाखेचं पॉलिश चालेल का, की कोरंच ठेवू? रेशीम लाकडाला टेकू नये म्हणून धुतलेलं मलमल अंथरणारच आहे. डांबरगोळ्या तर नकोतच, जरीला लागल्या तर ती काळी पडते.

आमचे सुतारमामा म्हणतात सनमायका मार अन् मोकळा हो! त्यांना कोण समजावणार.

आणि हो, लातूर किंवा नांदेडात लहान पितळी बिजागऱ्या अन् कडी कुठं मिळेल? दुकानात सगळं स्टीलचंच दाखवतात.