प्रारूपातला आधार आणि नदीतला पाया
चांगले सॉफ्टवेअर हाती असेल, तर जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे तिच्या मजबुतीची तपासणी, नव्या इमारतीच्या आराखड्याइतकेच सोपे असते, हे मत मला पटत नाही. नव्या बांधकामात काँक्रीटची प्रत आणि सळ्या आपण ठरवतो. जुन्यात त्या शोधाव्या लागतात. रिबाउंड हॅमरचेच पाहा, म्हणजे पृष्ठभागावर आपटून किती उसळतो त्यावरून काँक्रीटची ताकद सुचवणाऱ्या हातोड्याचे: कार्बोनेशनमुळे, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या अभिक्रियेमुळे, जुन्या काँक्रीटचा वरचा थर कठीण होतो, हातोड्याचा आकडा चढतो आणि काँक्रीट आहे त्यापेक्षा मजबूत भासते, पण त्याच कार्बोनेशनमुळे आतल्या सळईचे संरक्षण संपून ती गंजू लागलेली असते. म्हणून रहिवासी भोके पाडण्यावरून कितीही कुरकुरले, तरी कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल नमुना, काढून तपासल्याशिवाय मी तो आकडा प्रारूपात, म्हणजे संगणकावरच्या गणिती मॉडेलमध्ये, घालत नाही.

दगडी कमानींचा प्रश्न निराळा. महाडजवळचा सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. अशा पुलाची कमान वरून धडधाकट दिसली, तरी पुराने पायाखालची माती खरवडून नेली आणि आधार सरकला, तर दाबाची रेषा, म्हणजे कमानीतून भार ज्या वाटेने आधारांकडे जातो ती, कमानीच्या जाडीबाहेर जाऊ पाहते आणि कमान कोसळू शकते. आधार पक्के गृहीत धरणाऱ्या प्रारूपात हे दिसणारच नाही. त्यासाठी पाण्याखालच्या पायाचीच पाहणी करावी लागते.