सिनॉप्सिस परत आला: 'गृहीतक कुठे आहे?' अर्थ शोधणाऱ्या संशोधनाचा आराखडा कसा लिहायचा?

पाटोद्याची_लेक

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातली, पाटोदा तालुक्यातली. समाजशास्त्रात पीएच.डी. करते आहे, दुसरं वर्ष चालू आहे. विषय आहे ऊसतोड कामगारांची उचल. मागच्या आठवड्यात समितीपुढे सिनॉप्सिस मांडला आणि तो परत आला. मला विचारलेले प्रश्न असे: गृहीतक (म्हणजे आधी मांडून तपासायचं विधान) काय? चल (बदलणारे, मोजता येणारे घटक) कोणते? नमुना ३०० जणांचा का नाही? तुमच्या जागी दुसरा कोणी गेला तर त्याला हेच सापडेल का? एकालाही मला नीट उत्तर देता आलं नाही.

माझी अडचण सांगते. उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे तोडीला मजूर जमवून नेणाऱ्या कंत्राटदाराकडून, अंगावर घेतलेले आगाऊ पैसे, हे इथे बहुतेकांना माहीत असेल. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल कोयत्यामागे मिळते. मीही सुरुवातीला वहीत 'उचल = कर्ज' असंच लिहून निघाले होते. जानेवारीत सांगली जिल्ह्यात एका टोळीच्या कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर, ११ दिवस राहिले. पहाटे तीनला बाया उठतात, चुलीवर भाकऱ्या होतात, अंधारातच सगळी फडाकडे, म्हणजे तोडायच्या उसाकडे, निघतात. पाचव्या दिवशी संध्याकाळी एक बाई वाढ्यांच्या (उसाच्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधत होती. मी तिला विचारलं, "कर्ज किती आहे तुमच्यावर?" तिचा हात थांबला. म्हणाली, "कर्ज नाही आमच्यावर. उचल आहे. अन् ह्या टोळीत सगळ्यात जास्त उचल आमचीच आहे." मान ताठ करून म्हणाली.

तेव्हापासून माझा विषयच बदलला. उचल फिटते की नाही हे मोजण्याआधी उचल म्हणजे त्यांच्या लेखी काय आहे, हे मला समजून घ्यायचं आहे. पण हे सिनॉप्सिसमध्ये कसं बसवायचं? गाईड चांगले आहेत. ते म्हणतात, "सध्या 'उचलीची रक्कम व कर्जबाजारीपणा यांत सार्थ संबंध आहे' एवढं गृहीतक लिहून टाक, एकदा मंजूर होऊ दे, मग पुढचं बघू." मला ते पटत नाहीये. पण दुसरं काय लिहायचं तेही सुचत नाहीये.

फडावर जायची सोय आहे, माझे चुलते मुकादम आहेत. खर्चाचाही फार प्रश्न नाही. फक्त हा आराखडा अडला आहे. कोणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सांगा.

---

आकडेमोड

मी अर्थशास्त्रातला. समितीची बाजू मांडतो, राग मानू नका.

गृहीतक मागतात ते तुमची अडवणूक करायला नव्हे. आधी लिहून ठेवलं नाही तर माणूस नंतर जे सापडेल तेच आपण शोधत होतो असं म्हणू लागतो. ११ दिवसांत एका बाईने एक वाक्य म्हटलं. ते वाक्य किती जणींचं आहे? दहातल्या नऊ जणी उचलीला ओझंच म्हणत असतील तर? माझं मत, आधी १५०-२०० कोयत्यांची साधी पाहणी करा: रक्कम, बाकी, किती हंगाम, मुकादम बदलला का. मग त्यातल्या थोड्यांच्या सविस्तर मुलाखती. दोन्ही बाजू सांभाळल्या जातील आणि समितीही गप्प बसेल.

---

हजेरीपट

पाटोद्याची_लेक, तुला अगं-तुगं करते, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस. ३१ वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे.

खोटं गृहीतक लिहू नकोस. तत्त्वाचा मुद्दा राहू दे, मी व्यवहाराचं सांगते. एकदा ते लिहिलंस की प्रश्नावली त्याच्यामागे येते, प्रश्नावलीमागे तक्ते येतात, आणि दोन वर्षांनी तुझ्या हातात मान ताठ करणारी ती बाई नसते, 'कर्जबाजारी : होय/नाही' असा रकाना असतो.

माझ्या बाबतीत नेमकं हेच होता होता राहिलं. सोलापूर जिल्ह्यात रोजगार हमीच्या कामावरच्या बायकांचा अभ्यास करत होते. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, त्यामुळे कागदावरची भाषा तोवर चांगलीच मुरलेली होती, आणि मीही तीच उचलली. माझ्या प्रश्नावलीत चौदावा प्रश्न होता, "योजनेचा तुम्हाला काय लाभ झाला?" उन्हात खडीच्या ढिगाशेजारी बसून एका आजीला तो वाचून दाखवला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "लाभ कसला बाई? खडी फोडली, त्याचे पैसे घेतले." मी तोवर ६० प्रश्नावल्या भरल्या होत्या. प्रत्येकीत 'लाभार्थी' हा शब्द मी घातलेला, त्यांच्यापैकी एकीच्याही तोंडचा नव्हे. सरकार देतं आणि बाई घेते असं मी धरून चालले होते. त्या मात्र आपण काम करतो आणि दाम घेतो असं समजत होत्या. आकडेमोड म्हणतील प्रश्न चुकला, दुरुस्त करा. मी म्हणते, तिथेच अभ्यास सुरू झाला. त्यानंतर मी हजेरीपट, खाडा (गैरहजेरी), माप या त्यांच्या शब्दांमागे गेले.

आता तुझ्या आराखड्याकडे येते. गृहीतक नाही म्हणजे आराखडा नाही, असा समितीचा समज झाला आहे, आणि तो तुझ्या कागदाने घालवायला हवा. सुरुवात कोड्याने कर. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या नजरेने पाहिलं तर आगाऊ पैशाच्या बदल्यात श्रम बांधून घेणं हा वेठीचाच प्रकार ठरू शकतो. आणि त्याच पैशाचा मोठा आकडा एक बाई अभिमानाने सांगते. दोन्ही खरं असेल तर त्या बाईच्या जगात उचल म्हणजे नक्की काय? अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स यांनी विचाराची ही रीत सांगून ठेवली आहे: अनपेक्षित गोष्ट समोर आली की, काय असतं म्हणजे ती साहजिक वाटली असती, हे शोधत जायचं. पहिल्या पानावर हे लिही, गृहीतकाची जागा ते भरून काढतं. 'माणसाच्या कृतीचा त्याच्या लेखी अर्थ काय' हा प्रश्न जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी समाजशास्त्राच्या मध्यभागी ठेवला, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. समितीला हे नम्रपणे सांगता येतं.

नमुन्याचा आकडा विचारतील तेव्हा नकाशा दाखव. उचलीशी कोण कुठून जोडलेलं आहे? कोयत्यातली बाई, कोयत्यातला पुरुष, मुकादम, गाडीवान, कारखान्याचा स्लिपबॉय (उसाच्या पावत्या बघणारा), शेतमालक, गावात मागे राहिलेले म्हातारे आणि पोरं, तोड सोडून दिलेली माणसं. अर्धा कोयता म्हणून जाणारी एकटी माणसंही. नवरा गेलेली बाई भावाबरोबर कोयता पुरा करत असेल तर उचल कोणाच्या नावावर असते, कोणाच्या हातात पडते? मग काळाचा नकाशा. उचल घेताना काय बोलतात, फडात असताना काय बोलतात आणि हंगाम संपल्यावर हिशेबाला बसल्यावर काय बोलतात. तू फक्त जानेवारी पाहिला आहेस. आखाड-श्रावणात घरात धान्य नसताना मुकादम येतो तेव्हा त्या ओट्यावर बसायला हवं, आणि एप्रिल-मेमध्ये मुकादमाची हिशेबाची वही उघडते तेव्हाही. '३०० कोयते' यापेक्षा 'तीन वेळा, आठ ठिकाणांहून' हे जास्त कडक आहे. तसं ठणकावून लिही.

आता जे तू एका ओळीत उरकलंस ते. चुलते मुकादम आहेत! अगं, ही काय सोय झाली? तुझ्या आराखड्यातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे. बालीत १९५८ साली कोंबड्यांच्या झुंजीवर पोलिसांची धाड पडली. तिथे अभ्यासाला गेलेले मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ आणि त्यांच्या पत्नी ओळखपत्र दाखवून बाजूला होऊ शकले असते, पण ते गावकऱ्यांबरोबर पळाले. तोवर त्यांची दखलही न घेणाऱ्या गावाने त्यानंतर त्यांना जवळ केलं. तू कोणाबरोबर आलीस, हे त्या कोप्यांवर कोणी पाहिलं? ती बाई कोणाशी बोलत होती, तुझ्याशी की मुकादमाच्या पुतणीशी? वही काढ आणि त्या संध्याकाळी चुलते कुठे होते ते बघ.

आणखी एक. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे पंढरपूरच्या वारीत चालत गेल्या. दिवसभर एकत्र अभंग म्हणणारी एकाच दिंडीतली ब्राह्मण आणि मराठा माणसं जेवायला वेगवेगळी बसतात, हे त्यांना दिसलं. त्या दोन्हीकडच्या बायकांत बसल्या म्हणून ते दिसलं आणि टोचलंही. स्वतः कोण आहोत हे त्यांनी त्या लेखात लपवलं नाही. तूही लपवू नकोस.

रोजची टिपणं रोज रात्री लिही आणि दोन ठिकाणी ठेव. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची रामपुरा या कर्नाटकातल्या गावाची अभ्यासून लावलेली टिपणं १९७० मध्ये स्टॅनफर्डला आगीत गेली, त्यांनी पुढे आठवणींवरून पुस्तक लिहिलं. ती ताकद प्रत्येकाकडे नसते.

'दुसऱ्याला हेच सापडेल का' याचं उत्तर सरळ दे: नाही सापडणार, तो मुकादमाचा पुतण्या नसेल. पण मी काय पाहिलं, कोणाच्या सोबतीने पाहिलं, कुठे माझं मत बदललं आणि माझ्या अर्थाला खोटं पाडेल असं काय काय मी शोधलं, हे त्याला माझ्या टिपणांतून पावलागणिक तपासता येईल. आकडेमोड यांची 'दहातल्या नऊ जणी' ही शंका इथे कामाची आहे. उचलीला शिव्या देणाऱ्या बाया मुद्दाम शोध.

---

पाटोद्याची_लेक

मॅडम, वही काढली.

१७ जानेवारीचं टिपण आहे. बाईचं वाक्य आहे, पेंढ्या आहेत, थंडी आहे, चुलत्यांचं नाव कुठेच नाही. पण त्याच पानावर खाली हिशेब आहे: 'काकांनी चहा-साखर आणली, सगळ्यांना वाटली.' म्हणजे ते तिथेच होते. आता आठवतं, जीपला टेकून उभे होते, आमच्यापासून दहा पावलांवर. मी ते लिहिलंच नाही, कारण माझ्यासाठी ते घरचेच.

काल रात्रभर झोप नाही. ते वाक्य आता वापरायचं की नाही?

---

बावीस_हंगाम

मी इथे फारसा लिहीत नाही. माझी आई २२ हंगाम तोडीला गेली. मी कोपीवर वाढलो, आता शिक्षक आहे.

ताई, ते वाक्य टाकून देऊ नका. आई पण असंच म्हणायची, आणि घरात म्हणायची, मुकादम नसताना. जास्त उचल म्हणजे आपला कोयता जोरात चालतो, खाडा पडत नाही, हे मुकादमाला माहीत आहे. दुसरा मुकादम जास्त द्यायला तयार असतो. लग्न जमवताना पण लोक हे बघायचे. आणि हीच आई एप्रिलमध्ये वही उघडली की पदर तोंडाला लावून बसायची. मी दोन्ही बघितलं आहे. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे वहीत काय आहे ते मुकादम वाचेल तेच. एका वर्षी माझ्या बहिणीच्या आजारपणात नऊ दिवस कोपीवर बसावं लागलं, त्याचे खाडे कापले. आई म्हणाली, "अंगावरचं अंगावरच राहिलं." त्या दिवशी अभिमानाचा शब्द नव्हता.

आकडेमोड सरांना एवढंच, तुमचा फॉर्म त्या दिवशी भरला असता तर एक उत्तर आलं असतं आणि दसऱ्याला भरला असता तर दुसरं.

विनंती एक आहे. अभिमान लिहाल तेव्हा वही कोणाच्या हातात होती तेही त्याच पानावर लिहा. नाहीतर लोक म्हणतील, बघा, कामगार तर खूश आहेत.

---

आकडेमोड

बावीस_हंगाम यांचं म्हणणं मान्य. मी एका वेळची पाहणी सुचवली होती, ती अपुरी पडेल. रकमेचे आकडे मात्र घ्याच. 'सगळ्यात जास्त' म्हणजे किती, हे त्याच टोळीतल्या बाकीच्या कोयत्यांवरून कळेल.

---

हजेरीपट

हो, आकडे घे. आकड्यांशी माझं वैर नाही.

त्या वाक्याबद्दल: ठेव, जीपसकट ठेव. चुलते दहा पावलांवर होते, हे जोडलंस की ते वाक्य तीन जणांमधलं होतं. कदाचित ती तुझ्या आडून त्यांनाच सांगत असेल की, माझी किंमत विसरू नका. कदाचित कर्ज हा शब्द त्यांच्यासमोर तिला तोंडातून काढायचा नसेल. आज आपल्याला ठरवता येत नाही. पण या दोन शक्यता कशा तपासशील, हे लिहिता येतं. चुलत्यांच्या टोळीबाहेरची, दुसऱ्या तालुक्यातली एक टोळी घे, जिथे तुझं आडनाव कोणाला काही सांगत नाही. आणि चुलत्यांचीही मुलाखत घे, पुतणी म्हणून नव्हे, रीतसर परवानगी घेऊन. कारखान्याकडून घेतलेली उचल त्यांच्याही अंगावर असते.

---

पाटोद्याची_लेक

पहिलं पान पुन्हा लिहिलं. आता ते असं सुरू होतं: "१७ जानेवारीच्या संध्याकाळी एका ऊसतोड कामगार स्त्रीने मला सांगितलं की तिच्यावर कर्ज नाही, उचल आहे, आणि ती टोळीत सर्वांत जास्त आहे. तिचा मुकादम, म्हणजे माझे चुलते, तेव्हा दहा पावलांवर उभे होते."

गाईडना दाखवलं. दोनदा वाचलं. म्हणाले, समितीत मी बोलतो, पण तो तीन वेळा-आठ ठिकाणांचा नकाशा एका पानावर काढून आण. धारूरकडची एक टोळी मैत्रिणीच्या आईच्या ओळखीने मिळते आहे, उचल वाटायच्या आधी तिकडे जाऊन येते.

चुलत्यांशी अजून बोललेले नाही. रविवारी घरी जाणार आहे.