पुन्हा गोंद लावलेलं टपाल तिकीट ‘मिंट’ (न वापरलेलं, मूळ गोंदासह) म्हणून विकणं ही दुरुस्ती कशी?

पोस्टपेटी:
काल इथे एकाने लिहिलं की जुन्या तिकिटाला नव्याने गोंद लावणं, कडेचे दाते पाडून घेणं ही ‘दुरुस्ती’ आहे, नकली माल नव्हे. फोटो दिलेला असतो, ज्याला कळत नाही त्याने घेऊ नये. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

गांधींचं १९४८ चं दहा रुपयांचं घ्या. वापरलेल्यावरचा पोस्टाचा शिक्का पुसट असेल तर तो रसायनाने धुतात, मागे गोंद फासतात आणि यादीत लिहितात ‘मिंट, अस्सल’. आता फोटोत काय दिसणार? गोंद दात्यांच्या टोकांत मुरून ती कडक झाली आहेत हे बोट लावल्यावर कळतं. धुतलेली शाई अतिनील दिव्याखाली दिसते. दाते नवे पाडलेत का, हे मापपट्टीवर ठेवून बघावं लागतं. म्हणजे लबाडी नेमकी तिथेच असते जिथे फोटो पोहोचत नाही. ‘फोटो बघून घ्या’ हा सल्ला विकणाऱ्याच्याच सोयीचा आहे.

त्याच तिकिटाच्या ‘सर्व्हिस’ (सरकारी टपालासाठीच्या) छाप्याचं तर बोलायलाच नको. गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी दहा रुपयांच्या फक्त १०० तिकिटांवर तो छापला होता. २०१७ साली त्यातल्या चार तिकिटांची सलग पट्टी ५ लाख पौंडांना गेली. आणि इथे रोज कोणीतरी चार-पाच हजारांत ‘आजोबांच्या संग्रहातलं’ म्हणून विकायला काढतो. हे छापे कुठल्या आजोबांनी मारले?

कुलाबकर:
मी ऑनलाइन विकतो, त्यामुळे शिव्या कोणाला आहेत ते समजलं. दुसरी बाजूही ऐका. एखाद्या घरचा अख्खा संग्रह उचलला की त्यात हजारो तिकिटं असतात. प्रत्येकाच्या पाठीवर दिवा मारत बसलो तर दुकान कधी चालवू? आणि ग्राहक काय धुतल्या तांदळासारखे आहेत? एकाने माझ्याकडून व्हिक्टोरियाचं स्वच्छ तिकीट घेतलं आणि ‘दोष आहे’ म्हणून परत पाठवलं ते कोपरा दुमडलेलं, वेगळंच. साइटने पैसे त्याला दिले. माझं तिकीट गेलं. त्यावर कधी धागा निघाला नाही. कॅटलॉगात छापलेल्या भावाच्या दहाव्या हिश्श्यात मिंट मागणाऱ्याला मी लोभी म्हणतो.

सुमेधा_रत्नागिरी:
भांडण चुकीच्या जागी चाललंय. मूळ रोग गोंदाचं वेड आहे. कोकणातल्या पावसाळ्यात पन्नास-साठ वर्षं ठेवलेल्या तिकिटाचा गोंद पांढराशुभ्र राहील कसा? आमच्या मामांनी गोंद मुद्दाम धुऊन काढला, कारण तो पिवळा पडून कागद खातो. तिकिटं अजून ताजी आहेत. विकायला काढली तर ‘नो गम’ म्हणून कोणी हात लावत नाही. शेजारी तेच तिकीट नवा गोंद फासून तिप्पट भावाने जातं. जपणाऱ्याला दंड आणि फासणाऱ्याला बक्षीस, हा बाजार आपणच उभा केलाय.

पोस्टपेटी:
सुमेधाताई, म्हणजे चोराला दोष नको, ज्याने दागिने घातले त्याला द्यायचा?

सुमेधा_रत्नागिरी:
असं मी कुठे म्हटलं? चोराला धराच. पण स्टॅन्ली गिबन्स या ब्रिटिश कंपनीच्या कॅटलॉगातसुद्धा पाचव्या जॉर्जपर्यंतच्या न वापरलेल्या तिकिटांचे भाव हलकं हिंज (अल्बमात चिकटवायची कागदी पट्टी) लावलेल्या नमुन्यांचे धरतात. त्यांना हिंज चालतं आणि आपल्याला व्हिक्टोरियाचं ‘नेव्हर हिंज्ड’ हवं! १८५५ च्या तिकिटाची पाठ बघून खूश होणाऱ्याला तिकिटावरचं चित्र कधी दिसलंय का?

जुनं_पाकीट:
ताई, माझ्या मनातलं लिहिलंत. १८५४ च्या चार आण्यांचं बघा. त्या काळी लोक ते अष्टकोनी कापून पाकिटावर लावायचे. आज तसं अस्सल, वापरलेलं तिकीट मिळालं तर नाक मुरडतात. मग कोणीतरी त्याला कडेने जुना कागद जोडतो, रंग भरतो, चौकोनी करतो. पाकिटासकट असलेलं कापीव तिकीट मी दहा चौकोनींवर ओवाळून टाकेन.

कुलाबकर:
ओवाळून टाका, पण विकत घेताना चौकोनीच मागता. इथल्या चार जणांनी माझ्याकडे कापीव म्हणून घासाघीस केली आहे. नावं लिहू का?

जुनं_पाकीट:
लिहा. आणि तुम्ही यादीत ‘मार्जिन जोडलेलं’ असं कधी लिहिलंत तेही लिहा. धमक्या कोणाला देता?

पोस्टपेटी:
धाग्याचा विषय गोंदाचं सौंदर्यशास्त्र नव्हता. विषय होता, लपवणं. जोडलेली कड असेल तर लिहा ‘जोडलेली’. धुतलेलं असेल तर लिहा ‘धुतलेलं’. भाव कमी येईल, येऊ दे. कुलाबकर, हजार तिकिटांचं सांगू नका. पंधरा रुपयांच्या तिकिटाची पाठ कोणी मागत नाही. पंधरा हजारांची मागतो.

विधिज्ञ_ठाणे:
भावना बाजूला ठेवून एक सांगतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. ‘विकलेला माल परत घेणार नाही’ असं लिहिलं म्हणजे खोट्या वर्णनातून सुटका होत नाही. फक्त यादीचे स्क्रीनशॉट पैसे देण्याआधी काढून ठेवा, नंतर ती यादी नाहीशी होते. पाकीट उघडताना व्हिडिओ काढा. कुलाबकर यांच्यासारख्या विक्रेत्यांनीही पाठवताना काढावा, बदललेलं तिकीट परत आलं की तोच कामी येतो.

कुलाबकर:
हे पहिल्यांदाच कामाचं वाचलं. पाच हजारांच्या वरच्या तिकिटाची मागची बाजू टाकेन, मागितली तर. दिव्याखालचा फोटो मात्र टाकणार नाही. तुम्हा लोकांना एक ठिपका दिसला की अर्धी किंमत करून मागता.

पोस्टपेटी:
‘मागितली तर’ काढा, मग बोलू.

सुमेधा_रत्नागिरी:
मामांची तिकिटं मी ‘गोंद काढलेली, १९७० च्या आधीची साठवण’ असं लिहून आजच टाकते आहे. दोन्ही बाजूंचे फोटो आहेत. इथे इतकं लिहिणाऱ्यांपैकी कोण घेतंय ते बघते.