सर्व्हरवर ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस 'ऑलवेज' ठेवावं का? माझं मत: नाही

रात्रपाळी

नवीन मशीन लावताना एका सेटिंगवरून आमच्याकडे दर वेळी तोच वाद होतो, म्हणून इथे मांडतो. लिनक्स कर्नलमधलं ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस, म्हणजे टीएचपी: प्रोग्रामला मेमरी नेहमीपेक्षा मोठ्या तुकड्यांत (पेजेसमध्ये) द्यायची सोय. पर्याय तीन. 'ऑलवेज' ठेवलं की कुठल्याही प्रोग्रामने मेमरी मागितली तरी जमेल तिथे कर्नल आपणहून मोठं पेज देतो. 'एमॲडव्हाइज' ठेवलं तर प्रोग्रामने तसं सांगितलेल्या भागापुरतंच. 'नेव्हर' म्हणजे बंद. रेड हॅट लिनक्समध्ये ऑलवेज लावलेलं येतं, उबुंटूत एमॲडव्हाइज. माझं म्हणणं असं की ज्या मशीनवर चार प्रकारची कामं चालतात तिथे ऑलवेज नको.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक्स८६ प्रोसेसरवर मेमरी ४ केबीच्या पेजेसमध्ये वाटलेली असते. प्रोग्रामचा पत्ता खऱ्या मेमरीत कुठे आहे हे शोधायला प्रोसेसरला साधारण चार पातळ्यांची टेबलं चाळावी लागतात. दर वेळी ते परवडत नाही, म्हणून सापडलेले पत्ते टीएलबी नावाच्या छोट्या कॅशमध्ये राहतात. इंटेलच्या स्कायलेकमध्ये दुसऱ्या पातळीच्या टीएलबीत १५३६ नोंदी आहेत. ४ केबीच्या हिशोबाने त्यात ६ एमबी मेमरीचे पत्ते मावतात, २ एमबीच्या मोठ्या पेजने ३ जीबीचे. फायदा मला नाकारायचाच नाही.

पण मी हे भोगलंय. मेमरीतच डेटा ठेवणारी एक कॅश होती, कर्नल ४.१८, टीएचपी ऑलवेज. दर तासाला स्नॅपशॉट डिस्कवर जायचा. त्यासाठी प्रोसेस फॉर्क होते, म्हणजे तिची जुळी प्रोसेस तयार होते, दोघी एकच मेमरी वाटून घेतात, आणि मूळ प्रोसेसने कुठे लिहिलं की तेवढ्या पेजची कॉपी होते. पेज ४ केबीचं असेल तर कुणाला कळतही नाही. २ एमबीचं असेल तर शंभर बाइट बदलायला २ एमबीची कॉपी. लिखाण सगळीकडे विखुरलेलं, त्यामुळे तास भरला की रिस्पॉन्स टाइम वर आणि मेमरी फुगलेली. तीन रात्री आम्ही नेटवर्क तपासत बसलो होतो. रेडिस या मेमरीत डेटा ठेवणाऱ्या डेटाबेसच्या डॉक्युमेंटेशनमध्येही नेमक्या याच कारणासाठी टीएचपी बंद करा असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

कोकणकडा

@रात्रपाळी, त्रास खरा आहे, पण तो आजच्या कर्नलवरचा नाही. २०२० साली आलेल्या ५.८ मध्ये हेच वागणं बदललं. फॉर्कनंतर मोठ्या पेजवर लिहिलं तर कर्नल आता त्याचं मॅपिंग तोडतो आणि फक्त ४ केबीची कॉपी करतो. तुमच्या ४.१८ वर जे झालं त्यावरून आजच्या सहाव्या मालिकेतल्या कर्नलचं सेटिंग ठरवायचं, हे मला पटत नाही.

दुसरं असं की एमॲडव्हाइज ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण प्रत्यक्षात सांगणारे प्रोग्राम किती? पायथनची स्क्रिप्ट सांगत नाही, जुनी सी प्लस प्लस बायनरी सांगत नाही. त्यांच्यासाठी एमॲडव्हाइज आणि नेव्हर यांत काडीचा फरक नाही. २०११ मध्ये २.६.३८ कर्नलात टीएचपी आलं ते नेमकं यासाठी की प्रोग्रामला हातही न लावता मोठं पेज मिळावं. एमॲडव्हाइज ठेवून आपण तो उद्देशच बाजूला सारतो.

आणि सल्ले बदलतात. मोंगोडीबी या डेटाबेसने वर्षानुवर्षं टीएचपी बंद करायला सांगितलं. २०२४ च्या ८.० आवृत्तीपासून मेमरी वाटणारी लायब्ररी सुधारली आणि आता ते चालू ठेवा म्हणतात. किती टीमच्या स्क्रिप्टमध्ये अजून जुनी 'नेव्हर'ची ओळ तशीच आहे, बघा.

रात्रपाळी

५.८ चा मुद्दा मान्य. तो मी मूळ पोस्टमध्ये लिहायला हवा होता.

तरी ऑलवेजवरचा माझा मोठा आक्षेप फुगवट्याचा आहे. प्रोग्रामने २ एमबीच्या पट्ट्यात एकाच ठिकाणी बोट लावलं तरी अख्खे २ एमबी त्याच्या नावावर पडतात. शिवाय मागे खह्यूजपेजडी नावाचा कर्नल थ्रेड फिरत असतो. तो सुटी पेजेस गोळा करून मोठं पेज बनवतो. ५१२ पैकी किती जागा रिकाम्या चालतील याची त्याची मूळ मर्यादा ५११ आहे. म्हणजे एक पेज भरलेलं आणि ५११ रिकामी असली तरी तो २ एमबी करून टाकू शकतो. कंटेनरला ५१२ एमबीची मर्यादा घालून दिलेली असते तिथे हा फुगवटा थेट ओओएमपर्यंत, म्हणजे मेमरी संपून प्रोसेस मारली जाण्यापर्यंत नेतो. शिवाय मोठं पेज मिळावं म्हणून कर्नल मेमरी सरकवत बसतो तेव्हा प्रोग्राम थांबतो, ते वेगळंच.

कोकणकडा

शेवटचं वाक्य चुकीचं आहे. मेमरी सरकवण्याचं सेटिंग वेगळं आहे, त्याचं नाव डीफ्रॅग, आणि २०१६ च्या ४.६ पासून ते मुळातच एमॲडव्हाइजवर असतं. टीएचपी ऑलवेज असलं तरी न सांगणाऱ्या प्रोग्रामला कर्नल ताटकळत ठेवत नाही. मोठं पेज हाताशी नसेल तर ४ केबीचं देऊन मोकळा होतो. ही दोन सेटिंगं एकत्र करून टीएचपीला नावं ठेवणं मी सगळीकडे बघतो, म्हणून जरा जोरात सांगतोय.

फुगवट्याचं म्हणाल तर तो खरा आहे. पण ५११ हा आकडा बदलता येतो, मी २५५ वर आणून ठेवतो. आणि २०२४ च्या ६.१२ मध्ये असं अर्धंमुर्धं वापरलेलं मोठं पेज मेमरीची चणचण आली की फोडून रिकामी पानं परत घेण्याची सोय आली आहे.

जुनी वहिवाट

मी पोस्टग्रेस डेटाबेस सांभाळतो. तुम्ही दोघं ज्यावर भांडताय ते डेटाबेसवाल्याने बघूच नये असं माझं मत आहे. तिथे आधीच राखून ठेवलेली ह्यूज पेजेस लावा, टीएचपीवर अवलंबून राहू नका.

कारण टीएलबीपेक्षा मोठं आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस, आणि प्रत्येक प्रोसेसचं पेज टेबल वेगळं. शेअर्ड बफर, म्हणजे सगळ्या प्रोसेसनी मिळून वापरायची मेमरी, ६४ जीबी धरा. ४ केबीच्या पेजने भागलं तर १ कोटी ६७ लाखांच्या वर नोंदी, प्रत्येकी ८ बाइट. एकेका प्रोसेसने सगळा बफर फिरून पाहिला की तिचं पेज टेबल १२८ एमबीचं होतं. ३०० कनेक्शनं असतील तर ३७.५ जीबी मेमरी फक्त पत्ते लिहून ठेवण्यात. तीच पेजेस २ एमबीची केली की प्रत्येक प्रोसेसमागे २५६ केबी, ३०० ची मिळून ७५ एमबी. पहिल्यांदा हे गणित कागदावर केलं तेव्हा मी पुन्हा पुन्हा तपासलं होतं.

एक विनंती. पोस्टग्रेसमध्ये ह्यूज पेजेसचं सेटिंग मुळात 'ट्राय' असतं. पेजेस कमी पडली तर ते निमूट ४ केबीवर सुरू होतं आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. ते 'ऑन' करा, म्हणजे पेजेस नसतील तर सर्व्हर सुरूच होणार नाही. किती पेजेस लागतील हे १५ व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस स्वतःच सांगतं. आणि ती मशीन बूट होतानाच राखा. महिनाभर चाललेल्या मशीनवर मेमरी इतकी तुकड्यातुकड्यांत असते की मागाल तेवढी सलग मिळत नाही.

शिकतेय

माझा प्रश्न कदाचित फार प्राथमिक असेल. राखून ठेवलेल्या पेजेसना तोटा काय? मग सगळेच का वापरत नाहीत?

जुनी वहिवाट

अगदी योग्य प्रश्न. राखलेली मेमरी बाकी कुणाला मिळत नाही, रिकामी पडली तरी. ती स्वॅपही होत नाही, म्हणजे डिस्कवर हलवता येत नाही. १२८ जीबीच्या मशीनवर कुणी १०० जीबी राखली आणि डेटाबेसने ७० च वापरली, तर उरलेली ३० पडून राहते आणि शेजारी बाकीच्या प्रोसेस मेमरीअभावी मरतात. म्हणून हे एकाच कामाला वाहिलेल्या मशीनवर शोभतं. मेमइन्फो फाइलमध्ये एकूण किती आणि मोकळी किती हे दिसतं, तिथून सुरुवात करा. टीएचपीने दिलेली मोठी पेजेस त्याच फाइलमध्ये ॲनॉन ह्यूज पेजेस या ओळीत दिसतात.

बर्लिनहून

मी एआरएम प्रोसेसरवर काम करतो, तिथे चर्चा वेगळीच आहे: मूळ पेजच ४ केबीचं का असावं? ॲपल सिलिकॉनवर ते १६ केबीचं आहे, रास्पबेरी पाय ५ चं नेहमीचं कर्नलही १६ केबीवर चालतं. अँड्रॉइड १५ ने १६ केबीला आधार दिला, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून प्ले स्टोअरवर अँड्रॉइड १५ व पुढच्यासाठीच्या नव्या ॲप्सना तो बंधनकारक झाला. माझ्या मते उत्तर तिकडे आहे. ना खह्यूजपेजडी, ना फुगवट्याची भीती.

रात्रपाळी

@बर्लिनहून, फुगवटा तिथेही आहे, फक्त जागा बदलते. ६४ केबीच्या कर्नलवर २ केबीची फाइल वाचली तरी पेज कॅशमध्ये (वाचलेल्या फाइली मेमरीत ठेवायच्या जागेत) ६४ केबी जातात. रेड हॅटने एआरएमसाठी आठव्या आवृत्तीत ६४ केबी ठेवलं आणि नवव्यात ४ केबीवर आले. शिवाय ४ केबी गृहीत धरून बांधलेली जेमॅलॉक ही मेमरी वाटणारी लायब्ररी १६ केबीवर सुरूच होत नाही, तो त्रास ज्यांनी पाय ५ वर कंटेनर चालवले त्यांना ठाऊक आहे. त्यापेक्षा ६.८ पासून कर्नल १६, ३२, ६४ केबी अशी मधली पेजेस देतो, मूळ पेज ४ केबीचंच ठेवून. प्रत्येक आकाराला वेगळा ऑलवेज किंवा एमॲडव्हाइज लावता येतो. ६४ केबीला ऑलवेज ठेवायला माझी हरकत नाही, कारण फुगला तरी १५ छोट्या पेजेसपुरता. २ एमबीला मात्र एमॲडव्हाइजच.

आणि @कोकणकडा, न सांगणाऱ्या जुन्या बायनरीचं उत्तर आहे: जीलिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीच्या २.३५ पासून एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावलं की मॅलॉक, म्हणजे तिचं मेमरी मागणारं फंक्शन, स्वतःच एमॲडव्हाइज करतं. कोड बदलायला नको, आणि निर्णय त्या एका प्रोसेसपुरता राहतो.

कोकणकडा

६४ केबीची वाटणी चांगली आहे, ती मी घेतो. जीलिबसीचं मात्र ज्याला माहीत आहे त्यालाच उपयोगी. ज्याला नकोय त्यानेच सांगावं, त्यासाठीही प्रोसेसपुरतं टीएचपी बंद करण्याची सिस्टिम कॉल ३.१५ पासून आहेच. हजार मशीनवर न सांगणारे प्रोग्राम जास्त असतात, त्यांना फायदा मिळावा या बाजूने मी अजून ठाम आहे. पुढच्या आठवड्यात ६.१२ च्या दोन सारख्या मशीन मिळतायत. एकावर तुमची मांडणी, एकावर माझी, तोच लोड. टीएलबी मिस (पत्ता टीएलबीत न सापडणं), रेसिडेंट मेमरी (प्रत्यक्ष व्यापलेली) आणि सगळ्यात संथ एक टक्का रिक्वेस्ट, तिन्ही आकडे इथे टाकतो. अजून काय मोजायचं ते आत्ताच सांगा.

रात्रपाळी

कर्नलच्या व्हीएमस्टॅट फाइलमधून मोठी पेजेस किती फुटली ती संख्या, आणि मोठं पेज मागूनही किती वेळा मिळालं नाही ती. मशीन किमान आठवडाभर चालू द्या, पहिल्या दिवशी मेमरी सलग असते.