पेल अडकलंय: तीन वर्षांच्या बी.कॉम.चं इव्हॅल्युएशन कोणाकडून करायचं?

प्रेषक: ताई (शिक्षण समिती)

मंडळी, उत्तर आजच हवंय. ज्यांच्यासाठी मागे डे-केअरची चौकशी केली होती, त्या वहिनींचंच काम आहे. नाव या ईमेल लिस्टवर नको.

ग्रीन कार्ड आहे, पदरात दोन मुलं, २०२४पासून नवरा-बायको वेगळे राहतात. स्प्रिंगमध्ये इथे कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगच्या आधीचे विषय घेतलेत, ७ युनिट. २०२५–२६चा फाफ्सा (अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे शिक्षणासाठी मदत मागायचा अर्ज) भरला आणि पेल ग्रँट (कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी, परत न करायची मदत) शून्य आली. कारण मुंबई विद्यापीठाची बी.कॉम. बॅचलर पदवी आहे का, या प्रश्नाला त्यांनी ‘हो’ लिहिलं. आता फायनान्शियल एड ऑफिस म्हणतंय, पदवीचं इव्हॅल्युएशन (ती इथल्या कोणत्या पदवीच्या तोडीची, याचा अहवाल) आणा, मग बघू. मुदत शुक्रवारची. डब्ल्यूईएस या इव्हॅल्युएशन संस्थेचा फॉर्म अर्धा भरून झालाय, आज पैसे भरायचेत. कोणाला काही सांगायचं असेल तर संध्याकाळच्या आत सांगा.

प्रेषक: अण्णा

ताई, फॉर्म तिथेच थांबवा. पैसे भरू नका.

पेल फक्त पहिल्या बॅचलर पदवीपर्यंत मिळतं आणि परदेशातली बॅचलरही त्यात धरली जाते, हे बरोबर. पण परदेशी पदवी अमेरिकन बॅचलरच्या तोडीची आहे की नाही हे कॉलेजने ठरवायचं असतं. केंद्राच्या फायनान्शियल एड हँडबुकात ते स्पष्ट आहे: आपली पदवी इथल्या बॅचलरच्या बरोबरीची नाही याची कागदपत्रं विद्यार्थ्याने दिली, तर कॉलेज त्याला ‘पदवी नसलेला’ ठरवू शकतं.

आपल्याकडे दहावी-बारावीनंतर तीन वर्षं, म्हणजे एकूण १५. इथे १२ अधिक ४, एकूण १६. बॅचलरला साधारण १२० सेमिस्टर युनिट लागतात. त्यामुळे बऱ्याच इव्हॅल्युएशन संस्था आपली बी.ए., बी.कॉम. ‘तीन वर्षांचा पदवीपूर्व अभ्यास’ म्हणून धरतात. डब्ल्यूईएस मात्र नॅकची (भारतातल्या मूल्यांकन परिषदेची) ‘अ’ किंवा वरची श्रेणी असलेल्या संस्थेची तीन वर्षांची पदवी काही अटींवर पूर्ण बॅचलर धरते. नोकरीसाठी किंवा मास्टर्ससाठी ते वरदान आहे. इथे तोच अहवाल पेलचं दार बंद करील.

एकदा असा अहवाल कॉलेजच्या फाइलमध्ये गेला की दुसऱ्या संस्थेचा उलटा अहवाल देऊन भागत नाही. परस्परविरोधी माहिती फाइलमध्ये असेल तर तिचा उलगडा होईपर्यंत पैसे सोडता येत नाहीत, असा कॉलेजवर नियमच आहे. म्हणून आधी एड ऑफिसला ईमेलने विचारा: तुम्ही कोणत्या संस्थांचे अहवाल मान्य करता, आणि साधा अहवाल चालेल की विषयवार हवा? बहुतेक ठिकाणी नेसेसच्या (इव्हॅल्युएशन संस्थांच्या संघटनेच्या) सदस्य संस्थांची यादी देतात. त्या यादीतली निवडा.

प्रेषक: काका

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? तीन वर्षांची पदवी इथे बॅचलर नाहीच म्हणताय ना, मग फाफ्सात दुरुस्ती करून ‘नाही’ लिहा. दहा मिनिटांचं काम. मुलं सांभाळून ती बाई कॉलेजला जातेय, तिला या कागदांच्या फेऱ्यात का घालायचं?

प्रेषक: काकू (ईस्ट बे)

काका, तळमळ कळते, पण असं अजिबात करू नका, आणि लिस्टवर असा सल्लाही नको. उद्या दुसरं कोणी तो वाचून तसंच करील.

फाफ्सावर सही करताना स्पष्ट छापलेलं असतं: जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर २०,००० डॉलरपर्यंत दंड, तुरुंगवास किंवा दोन्ही. ॲडमिशनच्या अर्जात बी.कॉम. लिहिलेली आहे, ट्रान्सक्रिप्ट त्याच कॉलेजात आहे. दोन्ही कागद एकाच इमारतीत, आणि त्यातला एक खोटा ठरणार. ग्रीन कार्डवरच्या माणसाने ही जोखीम घ्यायची काहीही गरज नाही.

क्रम असा ठेवा. आधी अहवाल, मग कॉलेजचा लेखी निर्णय, आणि त्यानंतर फाफ्सातलं उत्तर बदलायचं. मग तो बदल कॉलेजच्या निर्णयाच्या आधारावर होतो आणि उद्या पडताळणी आली तरी कागद हातात असतो.

अण्णांच्या मेलमध्ये एक भर. साधा अहवाल लवकर येतो आणि स्वस्तही पडतो. विषयवार अहवाल लागतो तो युनिट ट्रान्सफर करून घ्यायचे असतील तेव्हा. बी.कॉम.मधलं अकाउंटन्सी आणि ऑडिटिंग नर्सिंगला उपयोगाचं नाही, फार तर इंग्रजी-अर्थशास्त्राचे काही युनिट जनरल एज्युकेशनमध्ये बसतील. जे युनिट कोर्ससाठी स्वीकारले जातात ते एडच्या १५० टक्क्यांच्या मर्यादेत (कोर्सच्या एकूण युनिटच्या दीडपटीपर्यंतच एड मिळते) धरले जातात. म्हणून जे खरंच लागू पडतात तेवढेच घ्या, तेही पेलचा निर्णय आल्यावर.

आणि शुक्रवार गाठायचा तर अहवालाची वाट बघत बसू नका. कलिन्याहून, म्हणजे मुंबई विद्यापीठातून, ट्रान्सक्रिप्ट थेट संस्थेकडे जायला वेळ लागतो. ऑर्डर दिल्याची पावती एड ऑफिसला पाठवा आणि लेखी मुदतवाढ मागा.

प्रेषक: नाना

इव्हॅल्युएशनचं अण्णांनी सांगितलं तेच करा. पण पदवीची गाठ सुटली तरी पेल किती बसेल ते उत्पन्नावर आहे, आणि तिकडे कोणी पाहिलेलंच दिसत नाही.

२०२५–२६च्या फाफ्साला २०२३चा टॅक्स रिटर्न लागतो. तेव्हा दोघं एकत्र होते, म्हणजे रिटर्न जॉइंट असणार. वैवाहिक स्थिती मात्र फॉर्म भरला त्या दिवशीची द्यायची असते. कोर्टाचा कागद नसला तरी वेगवेगळ्या घरांत राहत असतील तर ‘विभक्त’ लिहिता येतं. चूक होते ती पुढे. सध्याच्या जोडीदाराबरोबर रिटर्न भरलेला नाही असं सांगितलं की आकडे हाताने भरावे लागतात, आणि लोक १०४०च्या (टॅक्स रिटर्नच्या फॉर्मच्या) ११व्या ओळीतला एकूण उत्पन्नाचा अख्खा आकडा उचलून टाकतात. त्यात नवऱ्याचा पगारही आला! तिथे फक्त तिचा हिस्सा यायला हवा: तिच्या डब्ल्यू-२ची (नोकरीच्या ठिकाणाहून मिळणाऱ्या वर्षाच्या पगाराच्या फॉर्मची) पहिली चौकट आणि जॉइंट खात्याच्या व्याजाचा निम्मा भाग. भरलेला टॅक्सही त्याच प्रमाणात वाटून. दोघांचे डब्ल्यू-२ जोडल्याशिवाय ऑफिसला हे पटत नाही, तेव्हा नवऱ्याकडून त्याचा डब्ल्यू-२ आत्ताच मागून ठेवा. नंतर मिळणं अवघड होतं.

एकट्या पालकाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या २२५ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण पेल बसतं. तीन जणांच्या घराला २०२५–२६साठी ही मर्यादा ५५,९३५ डॉलर आहे. जोडीदार बरोबर असता तर १७५ टक्के धरले असते. म्हणजे ‘विभक्त’ या एका खुणेने केवढा फरक पडतो बघा.

२०२५–२६चं पूर्ण पेल ७,३९५ डॉलर. १२ युनिटच्या प्रमाणात ७ युनिट म्हणजे ५८ टक्के. एका सेमिस्टरला सुमारे २,१४५ डॉलर.

प्रेषक: ताई (शिक्षण समिती)

नाना, रिटर्न जॉइंटच होता आणि अख्खाच आकडा भरलाय. बरं झालं विचारलंत. दोघांचे डब्ल्यू-२ आज रात्री गोळा करते. डब्ल्यूईएसचा फॉर्म बंद केलाय.

दुसरं, समितीने डे-केअरसाठी २,००० डॉलर द्यायचं ठरवलंय. खजिनदारांनी चेक कॉलेजच्या नावाने काढायचा की डे-केअरच्या, ते सांगावं.

प्रेषक: खजिनदार

समितीने शिफारस केली आहे, ठरवलेलं नाही. शिक्षण निधीतून पैसे द्यायचे तर कार्यकारिणीचा ठराव लागतो. हा निव्वळ हट्ट नाही. आपण ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था आहोत. कोणाला, का, कोणत्या निकषावर दिलं आणि निवडणाऱ्यांपैकी कोणाशी नातं आहे का, याची नोंद ठेवणं आपल्यावर बंधनकारक आहे. अर्ज सगळ्यांना खुला हवा. एका कुटुंबासाठी म्हणून देणगी गोळा केली तर देणगीदाराला करसवलत मिळत नाही. म्हणून ‘वहिनींसाठी’ असं लिहून कोणी पैसे पाठवू नयेत, ते मला परत करावे लागतील. ‘शिक्षण निधी’ एवढंच लिहा.

चेक कॉलेजच्या नावाने काढावा. हिशोबाला स्वच्छ.

प्रेषक: नाना

निधी सुरू केला तेव्हापासून चेक कॉलेजलाच जातो, तीच पद्धत राहू द्या.

प्रेषक: काकू (ईस्ट बे)

पद्धत फीसाठी ठीक होती. इथे पैसे डे-केअरचे आहेत. कॉलेजकडे चेक गेला की तो आधी फीच्या खात्यात जमा होतो, उरलं तर परत मिळतं, तेही उशिरा. डे-केअरवाली थांबत नाही.

शिवाय, बाहेरून आलेली शिष्यवृत्ती एडच्या हिशोबात धरावी लागते, चेक कोणाच्याही नावाने असो. तिच्यामुळे पेल कापलं जात नाही, पण एकूण मदत कॉलेजने धरलेल्या वर्षाच्या खर्चाच्या अंदाजापेक्षा वर गेली की इतर मदत कमी होऊ शकते. पेलपात्र विद्यार्थ्यांच्या बाबतीत अशी कपात रोखणारा कायदा कॅलिफोर्नियात २०२३–२४पासून आहे, तोही मर्यादेच्या आतच. म्हणून आधी त्या अंदाजात डे-केअरचा खर्च चढवून घ्या. याला डिपेंडंट केअर अलाउन्स म्हणतात. वर्गाचे तास, अभ्यासाचे तास, फील्डवर्क, इंटर्नशिप आणि जाण्यायेण्याचा वेळ एवढं त्यात बसतं. विद्यार्थी मागेल तर मिळतं, ऑफिस आपणहून विचारत नाही. डे-केअरकडून लेटरहेडवर पत्र घ्या: मुलाचं वय, आठवड्याचे तास, महिन्याचा दर. फोनवरचा दर चालत नाही.

अलाउन्समुळे थेट पैसे मिळत नाहीत, मदतीला जागा होते. ती झाली की चेक डे-केअरच्या नावाने काढा आणि खजिनदारांच्या नोंदीला पावती घ्या. कराचंही आधीच सांगून ठेवा: फी आणि सक्तीची पुस्तकं यांवर खर्च केलेली शिष्यवृत्ती करमुक्त असते, डे-केअरवर खर्च केलेली उत्पन्नात धरली जाते.

प्रेषक: खजिनदार

पावती महिन्याच्या महिन्याला येत असेल तर डे-केअरच्या नावाने माझी हरकत नाही. ठराव मात्र लागेलच. अर्जाचा नमुना उद्या पाठवतो.

प्रेषक: एक सभासद (साउथ बे)

मी एच-४वर (नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आहे, दोन मुलं आहेत, कॉलेज सुरू करायचंय. यातलं काही मला लागू आहे का?

प्रेषक: अण्णा

पेल नाही, केंद्राचं कर्जही नाही; ग्रीन कार्डशिवाय एच-४ त्यात बसत नाही. पण सीकॅम्पिस नावाचं केंद्राचं अनुदान आहे, कॉलेजांना डे-केअरसाठी मिळतं. त्याच्या कायद्यात कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्याची जी व्याख्या आहे, तिच्यात तात्पुरत्या वास्तव्यामुळे पेल न मिळणाराही येतो, बाकी सगळ्या अटी पुऱ्या होत असतील तर. हे अनुदान असलेली कॉलेजं थोडी आणि जागा मोजक्या. कॉलेजच्या चाइल्ड सेंटरला विचारताना हा मुद्दा आवर्जून मांडा, समोरच्याला बहुधा माहीत नसतो.

फीबद्दल: एच-४ला कॅलिफोर्नियाचा रहिवासी ठरता येतं. वर्षभर आणि एक दिवस इथे राहिल्याचे कागद दाखवा, मग युनिटला ४६ डॉलर. परराज्याचा दर याच्या कितीतरी पट आहे.

प्रेषक: काका

मान्य, ‘नाही’ लिहायचं नाही. पण कॉलेजने बी.कॉम.ला बॅचलर ठरवलंच तर? मग काहीच उरत नाही ना?

प्रेषक: काकू (ईस्ट बे)

उरतं, बरंच उरतं. फक्त पेल, त्याच्या जोडीची केंद्राची एफएसईओजी ग्रँट आणि राज्याची कॅल ग्रँट जातात. कॅल ग्रँट जाणं जास्त लागतं, कारण मुलं असलेल्या विद्यार्थ्यांना तिच्यात वर्षाला ६,०००पर्यंत मिळू शकतात, तांत्रिक कोर्सच्या सी प्रकारात ४,०००.

उरतं ते असं. कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँटला आधीच्या पदवीची आडकाठी नाही, युनिटमागचे ४६ डॉलर माफ होतात. वर्क-स्टडी (शिकताना करायची अर्धवेळ नोकरी) मिळू शकते. सोरॉप्टिमिस्ट या महिला संघटनेचं ‘लिव्ह युवर ड्रीम’ पारितोषिक घर चालवणाऱ्या बाईसाठीच आहे. मास्टर्स नको एवढीच पदवीची अट, अर्ज १ ऑगस्ट ते १५ नोव्हेंबर. अर्ज स्थानिक क्लबकडे जातो, तेव्हा जवळ क्लब आहे का ते आधी बघा.

आणि वर्कफोर्स पेल आहे, १ जुलै २०२६पासून लागू: ८ ते १५ आठवड्यांचे, १५० ते ५९९ तासांचे कोर्स. त्यात बॅचलर असलेल्यांनाही मुभा आहे, मास्टर्सवाल्यांना नाही. पण प्रत्येक कोर्सला आधी राज्याच्या गव्हर्नरची आणि मग केंद्राची मंजुरी लागते, त्यामुळे ‘आमच्याकडे आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवून फी भरू नका. मंजुरीचा कागद मागा.

प्रेषक: ताई (शिक्षण समिती)

एड ऑफिसचं उत्तर आलं. नेसेसच्या कोणत्याही सदस्य संस्थेचा साधा अहवाल चालेल, ऑर्डरची पावती दिली तर मुदत तीन आठवडे वाढवतील. सोबतच्या पत्रात हे लिहितेय: “माझी बी.कॉम. ही बारावीनंतरची तीन वर्षांची पदवी आहे. ती अमेरिकन बॅचलरच्या समकक्ष आहे की नाही, याचा निर्णय अहवाल पाहून लेखी कळवावा.” पेलचा उल्लेख ठेवू की काढू?

प्रेषक: अण्णा

ठेवा, “पेल पात्रतेसाठी” असं स्पष्ट लिहा. नाहीतर पत्र ॲडमिशनवाल्यांकडे जातं आणि ते युनिट ट्रान्सफरचं उत्तर पाठवतात. वहिनींना हेही सांगा की निर्णय येईपर्यंत एकही विषय सोडू नका. नंतर पात्र ठरल्या तरी पैसे या सेमिस्टरचे धरून मिळतील. पण सेमिस्टरचा ६० टक्के काळ व्हायच्या आत सगळे विषय सोडले तर मिळालेल्यातला काही भाग परत करावा लागतो. मूल आजारी पडलं तर आधी प्राध्यापकांना लिहायचं, ड्रॉपचं बटण दाबायचं नाही.