अमेरिकेची दुर्मिळ सोन्याची नाणी: तिजोरीत की संग्रहालयात?

नाणेवेडा (न्यू जर्सी)
1822 साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने पाच डॉलरची 17,796 सोन्याची नाणी पाडली. आज त्यातली तीनच माहीत आहेत. दोन स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे, तिसरं 2021 च्या लिलावात 84 लाख डॉलरला गेलं. इतकं दुर्मिळ नाणं खासगी मालकीचं असूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोहोर
साफ असहमत. बाकीची गेली कुठे? मुशीत! अमेरिकेत कायद्याने एक भार सोन्याला पंधरा भार चांदी, फ्रान्समध्ये साडेपंधरा, म्हणजे तिथे सोन्याला जास्त भाव. व्यापारी नाणी बाहेर नेऊन आटवायचे. 1834 मध्ये नव्या नाण्यातलं सोनं कमी केल्यावर जुन्यातलं सोनं त्याच्या पाच डॉलरपेक्षा महाग ठरलं, मग उरलीसुरलीही आटवली गेली. टांकसाळीचा अधिकृत संग्रह सुरू झाला 1838 मध्ये, तोही तिथल्याच अ‍ॅडम एकफेल्टने आधीपासून हौसेने बाजूला ठेवलेल्या नाण्यांवर. सरकारच्या भरवशावर राहिलो असतो तर एकही उरलं नसतं.

नाणेवेडा
एकफेल्टने जपलेलं शेवटी सरकारी संग्रहात गेलं, म्हणूनच ना आज सगळ्यांचं आहे?

स्वाती_के
1795 चं पाच डॉलरचं नाणं एका संग्राहकाने माझ्या हातात दिलं होतं. भिंगाखाली तिरकं धरलं तेव्हा नाण्यावरच्या लिबर्टी (स्वातंत्र्यदेवता) च्या केसांवरून जाणाऱ्या समांतर रेघा दिसल्या. ओरखडे नव्हेत ते. चकती वजनाला जास्त भरली तर ठसा मारण्याआधी ती कानशीने घासायचे, त्याच्या खुणा. नाण्यावर किंमत कुठेच नाही, 8.75 ग्रॅम वजन हीच त्याची किंमत, म्हणून हा सगळा खटाटोप. काचेआड सपाट ठेवलेल्या नाण्यात मला हे कधीच दिसलं नसतं.

नाणेवेडा
ताई, तुमची ओळख होती म्हणून जमलं. ज्याची कुणाशी ओळख नाही, त्या विद्यार्थ्याने काय करायचं?

मोहोर
दिवंगत औषध-उद्योजक लिली यांचा सहा हजारांहून जास्त सोन्याच्या नाण्यांचा संग्रह 1968 मध्ये वारसाकरातल्या सवलतीच्या बदल्यात स्मिथसोनियनला मिळाला. असं खुशाल करा. माझा विरोध सक्तीला आहे. 1933 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने लोकांकडचं सोनं जमा करून घेतलं, तेव्हाही दुर्मिळ नाणी वगळली होती.

नाणेवेडा
सवलत मान्य, पण ती मरणोत्तर. मालक हयात आहे तोवर नाणं अभ्यासकांना बघायला मिळालंच पाहिजे, ही अट मी सोडणार नाही.