मृगाआधी उजेडाची बेगमी (अनुभव धागा)

सुरंगी
माडांत वारा घोंगावायला लागला की ३ जून २०२० आठवतो. निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ आत शिरलं आणि रायगड, मंडणगड, दापोलीकडे विजेचे खांबच आडवे झाले. कितीतरी गावं दिवसचे दिवस अंधारात होती. तास-दोन तास लाइट गेली तर इन्व्हर्टर निभावून नेतो, पण खांब पडल्यावर तो चार्ज कशावर होणार? म्हणून तयारी दोन प्रकारची हवी, तासांची वेगळी आणि दिवसांची वेगळी. मृग तोंडावर आलाय, आपापलं लिहा. किती वॅट, किती तास, काय बिघडतं, सगळं नेमकं.

अँपिअर
तासांचं आधी. १२ व्होल्ट १५० एएचची (अँपिअर-तास) ट्यूब्युलर, म्हणजे इन्व्हर्टरला लावतात ती शिशाची बॅटरी, कागदावर १८०० वॅट-तास. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे राहिले ९००. इन्व्हर्टर स्वतः खातो ते वजा करून हातात ७०० धरा. ९ वॅटचे चार एलईडी आणि ३० वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे मिळून ९६ वॅट, सात तास निघतात. त्याच जागी ७५ वॅटचे जुने पंखे असतील तर पावणेचार तासांत खेळ आटोपतो. दिव्यांपेक्षा आधी पंखे बदला.
आणि उतरलेली बॅटरी तशीच पडू देऊ नका. प्लेटांवर सल्फेट धरतं, मग कितीही चार्ज केली तरी पूर्वीची राहत नाही.

वाडीवरची
आमच्याकडे व्होल्टेजच १६०. लाइट असते तरी इन्व्हर्टर बॅटरीवरच चालतो!! काय करायचं?

अँपिअर
ताई, इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे यूपीएस/नॉर्मल असं बटण बघा, काहींवर इको लिहिलेलं असतं. यूपीएसवर असेल तर साधारण १८० च्या खालची लाइन तो घेतच नाही. नॉर्मलवर टाका, बरेच इन्व्हर्टर १००-११० पर्यंत घेतात.

वाडीवरची
सापडलं बटण. देव भलं करो.

घाटमाथा
बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच. आरओचं नको, त्यात क्षार उरतात. पागोळीचं तर नकोच नको. पूर्ण चार्ज झाल्यावर खुणेपर्यंत भरायचं, आधी काठोकाठ भरलं तर चार्जिंगच्या वेळी आम्लासकट बाहेर येतं. टर्मिनलवर पांढरं-हिरवं चढलं असेल तर इन्व्हर्टर बंद करून, झाकणं घट्ट लावून सोड्याच्या पाण्याने धुवा. सोडा आत गेला तर आम्ल मारतो. मग कोरडं करून व्हॅसलीन.

निवांत
ते आत बॅटरी असलेले एलईडी बल्ब कसे? लाइट गेली की आपोआप लागतात ते.

तारतम्य
न्हाणीघर, जिना यांना उत्तम. पण भिंतीवरचं बटण चालूच ठेवावं लागतं. घरातल्या दुसऱ्या उपकरणांतून लाइनच्या दोन्ही तारा (फेज-न्यूट्रल) जोडलेल्या दिसल्या की बल्बला लाइट गेल्याचं कळतं. विजा चमकताना मेन पाडून सगळे प्लग काढलेत तर तो लागणारच नाही. तेव्हा होल्डरमधून काढून हातात धरा. इन्व्हर्टरच्या लाइनवर लावू नका, तिथे तो इन्व्हर्टरवरच चालत राहतो.

उमामावशी
कंदील कोणी लिहिला नाही अजून! वात धारदार कात्रीने सरळ कापायची आणि दोन्ही कोपरे अगदी किंचित उतरवायचे. कोपरा राहिला की ज्योतीला शिंग फुटतं आणि काच त्याच बाजूने काळी होते. नवी वात अर्धा तास रॉकेलात मुरू द्या, नाहीतर वातच जळते. पेटवल्यावर लगेच मोठी करू नका, काच सावकाश तापू दे. काच राखेने घासा, नंतर कोरडा कागद. ओली राहिली तर तडकते. पेट्रोल कध्धीच नाही, भडका उडतो.

वाडीवरची
मावशी, रेशनवर रॉकेल येत नाही हो आता. खोबरेल घालून चालेल?

उमामावशी
कंदिलात नाही गं. तेल जाड, एवढ्या उंच वातीतून चढत नाही. समईत ज्योत तेलाच्या अगदी जवळ असते म्हणून तिथे चालतं. पूर्वी उंडीचं कडू तेल जाळायचे.

निवांत
उंडीचं तेल अजून मिळतं का कुठे? आईच्या गुडघ्यांना चोळायला हवंय.

सुरंगी
घाण्यावर विचारा. बिया नेऊन दिल्या तर काही जण काढून देतात. आईंना आराम पडो.

तारतम्य
दिवसांच्या तयारीसाठी ४० वॅटचं सोलर पॅनेल, १२.८ व्होल्ट २० एएच लिथियम फॉस्फेट बॅटरी, चार्ज कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला बेताने देणारा) आणि ५ वॅटचे तीन डीसी (थेट बॅटरीवर चालणारे) दिवे. रोज चार तास लावले तर उन्हाशिवाय तीन रात्री निघतात. जुलैच्या मळभात पॅनेल कसंबसं पंचमांश देतं, तेव्हा एकाच दिव्यावर या. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल. काढताना उलट. बॅटरीच्या पॉझिटिव्हला वीतभर अंतरावर १० अँपिअरचा फ्यूज हवाच. वायर २.५ चौरस मिमीची, बारीक वायरीत व्होल्टेज पडतं. प्लग २३० व्होल्टच्या बोर्डात बसणार नाही असाच घ्या, घरात पोरं असतात.

घाटमाथा
पॉवर बँकेला अगदी बारका यूएसबी दिवा लावला तर ती थोड्या वेळाने बंद पडते, इतक्या कमी करंटला तिला काही जोडलंय असं वाटतच नाही. १ वॅटचा लावा. १०,००० एमएएचवर चोवीस तास सहज.

निवांत
आणि दिवे पिवळे घ्या, पांढऱ्यावर पंखवाली वाळवी जास्त तुटून पडते. जेवताना ताटापासून लांब टांगा.

अँपिअर
जनरेटरवाल्यांना हात जोडून सांगतो, दोन टोकांना दोन पिना लावलेली वायर सॉकेटात खुपसू नका. मेन चालू राहिला तर करंट उलटा ट्रान्सफॉर्मरकडे जातो आणि खांबावर चढलेला लाइनमन जिवाला मुकतो. चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी एकतर मेनवर, नाहीतर जनरेटरवर जोडणारा) बसवून घ्या. जनरेटर पडवीत नको, धूर घरात साचतो.

वाडीवरची
खांबाचा नंबर आणि बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक दाराच्या मागे लिहून ठेवा. महावितरणच्या १९१२ वर तक्रार करताना तोच विचारतात, आणि अंधारात बिल सापडत नाही.

उमामावशी
वात घेताना जुन्या वातीचा तुकडा सोबत न्या गं. रुंदी चुकली तर बर्नरमध्ये एकतर अडकते, नाहीतर आत घसरते.